काम अकुशल असेल, माणूस कसा?

काही वर्षांपूर्वी मी बांधकाम मजुरांच्या नोंदणीचे अ‍ॅप तयार करणाऱ्या एका टीममध्ये होतो. फॉर्ममध्ये बारा-चौदा रकाने होते. नाव, गाव, वय, बँक खाते आणि त्याखाली 'स्किल'. या रकान्यावर बोट ठेवले की तीन पर्याय उघडत: अनस्किल्ड, सेमी-स्किल्ड, स्किल्ड. त्या रकान्याचा कोड मी लिहिला होता. रकाना रिकामा राहू नये म्हणून पहिला पर्याय आपोआप निवडलेला राहील, ही सोयही मीच केली होती. पहिला पर्याय होता 'अनस्किल्ड'.

दोन-तीन महिन्यांनी नोंदी तपासायला बसलो, तर पानेच्या पाने अनस्किल्ड. बारकाईने पाहिले तेव्हा लक्षात आले की बहुतेक ठिकाणी फॉर्म भरणाऱ्याने त्या रकान्याला हातच लावलेला नाही. तो घाईत होता. समोरच्या माणसाला काय येते हे त्याने विचारलेच नव्हते. त्या माणसाच्या वतीने माझ्या कोडने उत्तर दिले होते, आणि याच रकान्यावरून पुढे त्याचा रोज ठरणार होता. गावाच्या रकान्यात भंडारा, गोंदिया, बालाघाट ही नावे पुन्हा पुन्हा येत होती. ही आमच्याच भागातली माणसे.

माझे गाव बपेरा, तुमसर तालुक्यात. बावनथडी नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. धानाचा पट्टा आहे. पावसाळ्यात रोवणी, हिवाळ्यात कापणी आणि चुरणी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता. उरलेल्या दिवसांत हाताला काम नसले की नागपूर, हैदराबाद किंवा आणखी कुठे तरी. माझे अब्बा राजमिस्त्री. तिसरीनंतर शाळा सुटली आणि हातात थापी आली. त्या थापीवर मी नागपूरला इंजिनिअर झालो. म्हणून तो रकाना मला आजही टोचतो.

'स्किल' हा शब्द आज आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचे मराठी कोणी विचारत नाही. २०१४ मध्ये केंद्रात कौशल्य विकासाचे वेगळे मंत्रालय झाले, २०१५ मध्ये 'स्किल इंडिया' आले. आमच्या तुमसरच्या रस्त्यावरही 'स्किल सेंटर'चे फलक दिसतात. कॉलेजच्या मुलांना 'सॉफ्ट स्किल' हवे असते, नोकरदारांना 'अपस्किल' व्हायचे असते. शब्दाला माझा विरोध नाही. तो वापरताना आपण नेमके काय मोजतो आणि कोणाला मोजायचे सोडून देतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

शब्दाच्या पोटात काय आहे

इंग्रजीतला 'स्किल' हा मूळचा इंग्रजी नाही. तो उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे 'स्किल' म्हणजे फरक, भेद ओळखण्याची बुद्धी. दोन गोष्टी सारख्या दिसत असताना त्यातली कोणती चांगली, कोणती वाईट हे ज्याला कळते त्याच्याकडे 'स्किल'. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: पारख.

मराठीत या अर्थाच्या शब्दांची वाण नाही, आणि त्यातले किती शब्द फारसी-अरबीतून आले ते पाहण्यासारखे आहे. हुन्नर आणि कारागीर फारसीतून आले. आखाड्यातला वस्ताद म्हणजे उस्ताद. वाकबगार या शब्दात अरबी 'वाकिफ' आहे. मिस्त्री मात्र पोर्तुगीजांकडून आला. आणि कसब हा अरबी 'कस्ब'. अरबीत त्याचा अर्थ कमाई, मिळवणे. आपल्या घरांत 'कस्ब-ए-हलाल' म्हणतात ते हेच, कष्टाची कमाई. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला हातातल्या कौशल्याचा अर्थ दिला. म्हणजे ज्या हाताने कमाई होते, त्या हातात काहीतरी येतच असणार, हे या शब्दाने गृहीत धरले आहे. कमावणारा पण बिनकसबी, असा माणूस या शब्दाच्या मूळ अर्थात बसतच नाही.

सरकारी मराठीने मात्र 'स्किल'साठी संस्कृतातला 'कुशल' निवडला, आणि 'अनस्किल्ड'साठी 'अकुशल'. आता 'कुशल'चा आपल्या रोजच्या मराठीतला दुसरा अर्थ आठवा. जुन्या पत्रांत लिहीत, 'इकडील सर्व कुशल आहे.' क्षेमकुशल विचारणे म्हणजे बरे आहे ना, असे विचारणे. त्या हिशेबाने 'अकुशल' म्हणजे ज्याचे काही बरे नाही तो. मजुराच्या बाबतीत हा अर्थ अनेकदा खरा ठरतो, ही गोष्ट वेगळी.

कायदा कामाबद्दल बोलतो

आता कायद्याकडे येऊ. 'अकुशल' हा शब्द गावोगावी पोचला तो रोजगार हमीतून. महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. २००५ च्या कायद्यात शंभर दिवसांच्या 'अकुशल अंगमेहनतीच्या कामा'ची हमी दिली होती, आणि असे काम म्हणजे काय हेही सांगितले होते: कोणत्याही कौशल्याशिवाय किंवा खास प्रशिक्षणाशिवाय कोणतीही प्रौढ व्यक्ती करू शकेल असे शारीरिक काम.

ही व्याख्या पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला होता. पुन्हा वाचली तेव्हा तिचा हेतू कळला. 'तुला हे काम येत नाही' असे सांगून कोणालाही दारातून परत पाठवता येऊ नये, म्हणून दार मुद्दाम मोठे ठेवले आहे. आणि 'अकुशल' हे विशेषण तिथे कामाला लावले आहे, माणसाला नाही. उत्तम सुतारसुद्धा दुष्काळात माती खणायला जाऊ शकतो. काम अकुशल आहे, म्हणून तो अकुशल होत नाही.

किमान वेतनाचेही तसेच आहे. २०१९ च्या वेतन संहितेत अकुशल, अर्धकुशल, कुशल आणि अतिकुशल अशा चार श्रेणी आहेत. अमुक कामाला किती कौशल्य लागते ते पाहून किमान दर ठरवायचा, असा त्यांचा उपयोग. या श्रेणी नसत्या तर सगळ्यात खालच्या माणसाला दर मागायला आधारच उरला नसता. त्यामुळे त्या फाडून टाका असे मी म्हणणार नाही.

गडबड होते ती पुढे. कामाला लावलेला शब्द मस्टरवर येतो, मस्टरवरून ठेकेदाराच्या वहीत, वहीतून माझ्यासारख्याच्या फॉर्ममध्ये, आणि तिथे तो माणसाच्या नावासमोर जाऊन बसतो. 'अकुशल काम' या जोडीतले 'काम' गळून पडते आणि 'अकुशल कामगार' तयार होतो. मग वर्तमानपत्रात 'अकुशल मजुरांचे स्थलांतर' अशी बातमी येते आणि ती आपल्याला खटकतही नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये आमच्या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली होती. त्याच्या खूप आधी, १९३६ मध्ये, जातिव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांना त्यांनी एक फरक दाखवून दिला होता: कामाची वाटणी प्रत्येक समाजात असते, पण जात काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते आणि त्यांना एकमेकांच्या वर-खाली रचते. फॉर्ममधला तो रकाना पाहिला की मला हा फरक आठवतो. कामाची प्रतवारी करता करता आपण माणसांची प्रतवारी करून बसतो.

बांधीतली पारख

कोणत्याही कौशल्याशिवाय होणारे काम, असे म्हणताना साधारणपणे आपल्या डोळ्यांसमोर शेतमजूर बाई येते. एकदा जुलैत गावी आलो असताना मी हौसेने बांधीत उतरलो. आमच्या मोहल्ल्यातल्या एक मावशी रोवणीचा ठेका घेतात, दहा-बारा बायांना घेऊन जातात. मी पाऊण तास पऱ्हे लावले. मावशी मागून आल्या आणि माझ्या ओळीतले निम्मे उपटून पुन्हा लावू लागल्या.

"बाबू, तू खोल गाडून राह्यला. असं लावलं त फुटवे कुठून येतीन?"

मग त्यांनी दाखवले. एका चुडात दोन-तीन रोपे. मुळे चिखलात उभी राहतील एवढीच खोली, जास्त नाही. अंतर डोळ्यांनी मोजायचे आणि वाकून मागे मागे सरकताना ओळ मोडू द्यायची नाही. पऱ्हे जास्त दिवसांचे झाले असेल तर चुडात रोप वाढवायचे. बांधीत पाणी जास्त वाटले तर आधी धुऱ्याला तोंड पाडून ते उतरवायचे. कोणती पेंढी पिवळी पडली आहे, कोणती टिकेल, हे त्या हातात घेताच ओळखत होत्या. ही पारख आहे. नॉर्स भाषेतल्या त्या जुन्या शब्दाचा अर्थही हाच होता. फरक इतकाच की मावशींची पारख कोणत्याच कागदावर नाही.

अब्बांचेही तेच. नव्या घराचा कोपरा काटकोनात काढायचा असेल तर ते सूत घेऊन एका बाजूला तीन फुटांवर खूण करतात, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत सूत सरकवतात. सातवीत पायथागोरसचा सिद्धांत शिकून आलो तेव्हा मी त्यांना मोठ्या ऐटीत समजावून सांगितला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बेटा, ये तो रोज करते हैं." दोन विटा एकमेकींवर आपटून आवाजावरून पक्की कोणती आणि कच्ची कोणती हे ते सांगतात. विटेला किती पाणी पाजायचे, सांधमोड कशी ठेवायची, ओळंबा कधी धरायचा, हे सगळे त्यांच्या हातात आहे. शाळेच्या दाखल्यावर मात्र तिसरी पास.

इथे आणखी एक कागद पाहण्यासारखा आहे. देशातल्या सगळ्या व्यवसायांना क्रमांक देणारे 'राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण' २०१५ मध्ये सुधारले गेले. त्यात कौशल्याच्या चार पातळ्या आहेत, आणि त्यांची मोजपट्टी मुख्यतः शाळा-कॉलेजच्या वर्षांची आहे. पहिली पातळी दहा वर्षांपर्यंतचे शिक्षण किंवा अनौपचारिक कौशल्य, दुसरी अकरा ते तेरा वर्षे, तिसरी चौदा-पंधरा, चौथी पंधराहून जास्त. माझे काम चौथ्या पातळीत येते. वर्गीकरणाला कुठली तरी मोजपट्टी लागते, हे मला मान्य आहे. पण चाळीस वर्षांचा अनुभव बसवायला या पट्टीवर 'अनौपचारिक' हा एकच शब्द आहे, आणि तोही सगळ्यात खालच्या पायरीवर.

आडनावात हुन्नर, फॉर्मवर शून्य

आपल्या समाजाला हा प्रश्न जरा जास्तच लागू पडतो. आपल्यातली आडनावे आणि बिरादऱ्यांची नावे आठवा: अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, शिकलगार, पिंजारी, मोमीन. प्रत्येक नावामागे एक कसब आहे. शिकलगार हत्यारांना धार आणि झळाळी देणारा, पिंजारी कापूस पिंजणारा, मोमीन विणकर. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की काम करणाऱ्या मुस्लिमांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत, आणि हे प्रमाण हिंदू कामकऱ्यांपेक्षा जास्त आहे. नियुक्तिपत्र नाही, अनुभवाचा दाखला नाही. त्यामुळे 'स्किल'चा पुरावा मागितला की दाखवायला काहीच नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी, चांभार, राजमिस्त्री त्यात आहेत. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि पुढे कमी व्याजाचे कर्ज, अशी तरतूद आहे. अब्बांचा अर्ज मीच भरून दिला. प्रशिक्षणाचे नाव काढले तेव्हा मला जरा अपमानास्पद वाटले होते. ज्याने चाळीस वर्षे भिंती उभ्या केल्या त्याला पाच-सहा दिवसांत कोण काय शिकवणार? अब्बांना तसे वाटले नाही. ते रोज वेळेवर जात. परत आले ते प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून. ते त्यांनी घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवले. तेव्हा मला कळले की कागदाची थट्टा करणे ही कागद असणाऱ्यांची चैन आहे.

पण त्या अठरांच्या यादीत पिंजारी नाही. आमच्या जिल्ह्याची ओळख असलेली पितळेची भांडी घडवणारा नाही. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा विणणाराही नाही. विणकरांसाठी वेगळ्या योजना आहेत, हे खरे. तरी यादी म्हटली की कोणीतरी बाहेर राहतोच, आणि बाहेर राहिलेल्याच्या फॉर्मवर माझ्यासारख्याचा 'आपोआप निवडलेला' पर्याय जाऊन बसतो.

एक सावधगिरी मात्र हवी. बापजाद्यांच्या कसबाचे कौतुक करता करता आपण मुलाला बापाच्याच ठिय्यावर बसवायला निघालो तर ती पुन्हा जातीचीच कैद. शिकलगाराच्या मुलीने डॉक्टर व्हावे, पिंजाऱ्याच्या मुलाने कोड लिहावा. मी स्वतः थापी सोडून की-बोर्डवर आलो आहे. कसबाचा मान ठेवणे आणि कसब बदलण्याचा हक्क मागणे, दोन्ही एकाच वेळी करता येते.

माझ्या रेझ्युमेतले स्किल

आता थोडे माझ्या धंद्याबद्दल. माझ्या रेझ्युमेवर 'स्किल्स' या मथळ्याखाली सतरा नावे आहेत: जावा, पायथन, अमुक डेटाबेस, तमुक फ्रेमवर्क. ही सगळी अवजारांची नावे आहेत. अब्बांनी आपल्या ओळखीत थापी, ओळंबा, सूत, लेव्हल पाइप अशी यादी दिली तर आपण हसू. माझ्या यादीला मात्र पगार मिळतो. यातली काही अवजारे पाच-सात वर्षांत जुनी झाली, आणि आता तर कोडचा मोठा भाग यंत्रच लिहून देते. मग माझ्याकडे उरते काय? यंत्राने लिहिलेल्या कोडपैकी कोणता चालेल आणि कोणता उद्या घात करेल, हे ओळखणे. म्हणजे पुन्हा पारख. विटेचा आवाज ऐकणारे अब्बा, पेंढी हातात तोलणाऱ्या मावशी आणि पडद्यासमोर बसलेला मी, तिघेही शेवटी एकच काम करतो. मोबदल्यात मात्र आमच्यात केवढी तफावत आहे, आणि ती तफावत योग्य वाटावी यासाठी 'स्किल' हा शब्द कामी येतो.

रोज कमी का, तर काम अकुशल. काम अकुशल का, तर त्याला रोज कमी. या वर्तुळात एकदा सापडलेल्या माणसाला बाहेर पडता येत नाही. रोवणीचे काम सोपे आहे म्हणून स्वस्त आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्यांनी जुलैत बपेऱ्याला यावे. मावशी पऱ्हे देतील.

एवढे तर करता येईल

शब्द बदलला की दुनिया बदलते, असे मी मानत नाही. उद्या 'अकुशल'च्या जागी 'कसबी' लिहिले आणि रोज तोच ठेवला तर मावशींना काय फायदा? पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

एक, जे आपल्यासारखे फॉर्म तयार करतात किंवा भरून देतात, त्यांनी माणसाला श्रेणी विचारू नये. काय काम येते, किती वर्षांपासून करता, कोणाला शिकवले, हे तीन प्रश्न विचारावेत. श्रेणी कामावरून ठरू द्या. आणि कोणताही पर्याय आपोआप निवडलेला ठेवू नका.

दोन, आपल्या मोहल्ल्यात, गावात ज्यांच्या हातात कसब आहे त्यांना दाखला मिळवून द्या. अनुभवाने शिकलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य विकास योजनेत आहे. ती बहुतेकांना ठाऊक नसते. शिकलेल्या मुला-मुलींनी एका रविवारी चार अर्ज भरून दिले तरी पुष्कळ झाले.

तीन, किमान वेतनाची श्रेणी म्हणजे खालची मर्यादा आहे, वरची नाही. ठेकेदार 'अनस्किल्ड आहे' म्हणून त्या मर्यादेच्याही खाली उतरत असेल, तर ती गोष्ट शब्दाची राहत नाही. तो कायदेभंग असतो, आणि त्याची तक्रार करता येते.

चार, स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष ठेवा. 'अकुशल मजूर' हे शब्द तोंडात आले की क्षणभर थांबा आणि विचारा, काम अकुशल की माणूस?

त्या अ‍ॅपमधला तो पर्याय मी नंतर काढून टाकला. रकाना रिकामा उघडेल आणि काहीतरी निवडल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही, असा बदल केला. दोन ओळींचे काम होते. फॉर्म भरायला वेळ लागतो, अशी तक्रार लगेच आली. मी कळवले की लागू द्या, तेवढ्या वेळात समोरच्याला विचारून घ्या. जुन्या नोंदी मात्र तशाच राहिल्या. त्या दुरुस्त करायच्या तर प्रत्येक माणसाला पुन्हा गाठून विचारावे लागले असते, आणि त्यासाठी कोणाकडे वेळ नव्हता, पैसाही नव्हता. त्यातली कितीतरी माणसे आमच्या भागातली आहेत, आणि त्या यादीत ती आजही अनस्किल्ड आहेत.